आज व्हॅन नाही: ऑटिझम असलेल्या लहान मुलाला छोट्या बदलांची सवय लावताना

रोजची व्हॅन येणार नाही, बाबा स्कूटरवरून सोडणार. कारण एवढंच, पण मूल दारातच अंग टाकून देतं, किंचाळतं, डोकं आपटतं आणि अर्धा तास कुणाला आवरत नाही. ऑटिझम असलेल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या घरी अशा कारणांची यादी लांबलचक असते. पोळीचे तुकडे केले, रोजच्या बिस्किटाचा पुडा वेगळ्या रंगाचा आला, लिफ्ट बंद पडली, बाई रजेवर गेल्या. नातेवाईक याला हट्ट म्हणतात. पण हट्टी मूल रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, आई विरघळली का म्हणून. इथे बघणारं कुणी नसलं तरी रडणं चालूच राहतं, कारण मुलाचा पुढच्या तासाभराचा अंदाजच कोसळलेला असतो.

अमेरिकेत काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. सगळं जसंच्या तसं राहावं ही त्या मुलांची धडपड त्यांनी तेव्हाच ठळकपणे नोंदवली होती. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीतही ती ऑटिझमच्या लक्षणांत आहे. यामागचं कारण कळलं की उपाय सुचतात. बोललेली वाक्यं यातल्या बऱ्याच मुलांना झटकन उलगडत नाहीत, 'थोड्या वेळाने' म्हणजे किती हे कळत नाही. मग दिवस ओळखायला भरवशाची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे क्रम. व्हॅन, शाळा, डबा, पुन्हा व्हॅन, घर. पहिली व्हॅनच गळली तर डबा कुठे खायचा आणि घरी परत यायचं की नाही, सगळंच अधांतरी.

बदल होऊच नये म्हणून घरादाराने कसरत करायची, हे एक टोक. 'होईल सवय' म्हणत मुद्दाम धक्के द्यायचे, हे दुसरं. दोन्ही टाळा. त्याऐवजी 'बदल' हीच गोष्ट मुलाच्या ओळखीची करा: तिचं एक चित्र, एक शब्द, एक ठरलेली पद्धत.

आधी आठवडाभर फक्त लिहा

एक वही घ्या. तारीख-वेळ, आधी नेमकं काय घडलं, मुलाने काय केलं, किती मिनिटं चाललं, मग घरच्यांनी काय केलं, एवढे रकाने पुरेत. समासात रात्रीची झोप आणि शी झाली की नाही हे टाका. शेवटचं फालतू वाटेल, पण बद्धकोष्ठ असलेलं किंवा अर्धवट झोपलेलं मूल नेहमीचा बदलही पेलत नाही आणि आपण दोष बदलाला देतो. चिडचिड अचानक वाढली असेल तर आधी डॉक्टरांकडून कान, दात, पोट तपासून घ्या. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही ते मूल हेच करणार.

आठवड्याने वही वाचली की प्रसंगांचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग सोडून द्यायचा. निळ्याच ताटलीत जेवणं, पोळी अख्खीच लागणं, लिफ्टचं बटण स्वतः दाबणं. यात कुणाचं काही बिघडत नाही. तशीच दुसरी ताटली आणून ठेवा, म्हणजे पहिली तडकली तर त्या रात्रीचं जेवण वाचेल. दुसरा ढीग अंगाला खुपणाऱ्या गोष्टींचा: नवी चप्पल, युनिफॉर्मच्या मानेशी असलेलं लेबल, नव्या रंगाचा वास. इथे चित्रं दाखवून उपयोग नाही, खुपणं काढायला हवं. लेबल शिवणीपासून उसवा (कात्रीने कापलं तर उरलेली कड जास्त टोचते), कपडा दोनतीनदा धुऊन मऊ करा, चप्पल आधी घरात पाचपाच मिनिटं घालू द्या. तिसरा ढीग खरा आपल्या कामाचा: टाळता येत नाहीत आणि पुन्हा पुन्हा येणार आहेत, असे बदल.

भिंतीवरची पट्टी

बदल दाखवायचा तर आधी नेहमीचा क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे. त्यासाठी सनबोर्डची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. मोठ्यांच्या उंचीला लावलेली पट्टी मोठेच वाचतात. चित्रांची कार्डं ६ ते ७ सेंटिमीटरची चौकोनी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून मिळतं. चकचकीत नको, मॅट मागा, ट्यूबलाइटखाली चकचकीत कार्डावर चित्राऐवजी उजेडच दिसतो. कोपरे गोल कापा. वेलक्रोची मऊ बाजू पट्टीवर आणि खरखरीत बाजू कार्डांवर, हा नियम घर, शाळा, आजीचं घर सगळीकडे एकच ठेवा, म्हणजे कुठलंही कार्ड कुठेही चिकटेल. गोष्टी तोंडात घालणाऱ्या मुलासाठी वेलक्रोचे सुटे गोल ठिपके वापरू नका, ते निघाले तर घशात अडकू शकतात. लांब तुकडा घट्ट चिकटवा.

चित्र कसलं? बहुतेकांना मोबाइलवर काढलेला स्वतःच्याच वस्तूचा फोटो सोपा जातो: त्याचंच दप्तर, त्याचाच पेला, मागे साधी चादर. इंटरनेटवरून काढलेलं परक्या बाथरूमचं चित्र म्हणजे आंघोळ, हे त्याने का ओळखावं? फोटो कळतो की नाही याची चाचणी सोपी आहे. पेला आणि चमचा समोर ठेवा, पेल्याचा फोटो हातात द्या. चारपाच वेळा जागा बदलूनही मूल फोटो पेल्याशीच नेत असेल तर फोटो चालेल. नसेल तर सध्या वस्तूच वापरा: टॉवेल म्हणजे आंघोळ, चमचा म्हणजे जेवण, चप्पल म्हणजे बाहेर.

सुरुवातीला दोनच कार्डं: 'आधी' आणि 'मग'. आधी दात, मग झोका. ते जमलं की तीन-चार. संपूर्ण दिवसाची बारा कार्डं पहिल्याच दिवशी लावणं ही अतिउत्साही पालकांची हमखास चूक. मूल त्यांच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच लक्ष देतं. काम झालं की मुलाच्या हातानेच कार्ड काढून पट्टीखालच्या 'झालं' पाकिटात टाकायचं. मूल आपणहून पट्टीकडे जायला लागलं, पुढचं कार्ड बोटाने दाखवायला लागलं, की पाया झाला. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला दोन महिने. तोवर बदलाचं कार्ड कपाटातच ठेवा.

बदलाचं कार्ड

आता एक नारिंगी कार्ड करा. आकार बाकीच्यांइतकाच, वर एकमेकांकडे वळणारे दोन बाण. रंग दुसरा घेतलात तरी चालेल, पण तो रंग पट्टीवर इतर कुठल्याही कार्डाला नको.

सगळी गोम पहिल्या आठवड्यात आहे. हे कार्ड पहिल्यांदा आनंदाची बातमी घेऊन आलं पाहिजे. पट्टीवर 'पुस्तक' आहे. मुलाला जवळ बोलवा, त्याच्या देखत पुस्तकाचं कार्ड काढा, तिथे नारिंगी कार्ड लावा, त्याच्या पुढे साबणाच्या फुग्यांचं कार्ड लावा. म्हणा, "बदल. पुस्तक नाही. फुगे." आणि लगेच फुगे. दिवसातून एकदाच, रोज वेगळ्या वेळी, आठ-दहा दिवस. मुलाला पुस्तकच जास्त आवडत असेल तर अर्थातच उलटं करा.

मग तटस्थ बदल: पोह्यांऐवजी उपमा (दोन्ही खात असेल तरच), लाल टबाऐवजी बादली, आईऐवजी आजोबा गोष्ट सांगणार. तेही आठवडाभर निवांत गेलं की थोडे नावडते, आणि त्यांच्या पाठोपाठ काहीतरी हवंहवंसं: "बदल. बाग नाही, पाऊस. आधी घरात उड्या, मग पापड." एका नावडत्या बदलामागे दोन-तीन तरी आवडते बदल चालू ठेवा. हा हिशेब चुकला आणि कार्ड फक्त वाईट बातमीलाच बाहेर येऊ लागलं, तर महिन्याभरात मूल कार्ड पाहताच रडेल, फाडेल किंवा सोफ्याखाली सारेल. तसं झालं तर कार्ड पंधरा दिवस विश्रांतीला ठेवा, दुसऱ्या रंगाचं करा आणि पुन्हा फुग्यांपासून सुरू करा.

काढलेल्या कार्डाचं काय करायचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. ते 'झालं' पाकिटात टाकू नका, कारण ते झालेलं नाही. 'आज नाही' असं दुसरं पाकीट करा. 'उद्या' म्हणायचं असेल तर उद्या ते खरंच पट्टीवर आलं पाहिजे. रडणं थांबावं म्हणून टाकलेला 'उद्या' दोनदा खोटा ठरला की पट्टीवरचाही विश्वास उडतो.

आणि पट्टी शिक्षेसाठी कधीही वापरायची नाही. "चावलास ना, आता झोका काढून टाकते" असं म्हणत कार्ड उचललं, की जी एक गोष्ट भरवशाची होती तीही गेली.

काय बोलायचं, किती आधी

नुसतं 'नाही' बोलू नका. नाहीनंतर काय, आणि नेहमीचं काय तसंच राहणार, हे दोन्ही आलं पाहिजे. "व्हॅन नाही. बाबांची स्कूटर. मग शाळा. मग घर." चार तुकडे, चार कार्डं. "हे बघ सोन्या, आज किनई व्हॅनवाल्या काकांची गाडी बिघडलीय, म्हणून आपण असं करूया का" यात मुलाच्या हाती फक्त 'व्हॅन' आणि 'काका' लागतात, आणि ते दप्तर घेऊन खिडकीशी जाऊन उभं राहतं. 'करूया का' हेही फसवं. नाही म्हणायची सोय नसेल तर विचारू नका. निवड द्यायचीच असेल तर खरी द्या: "हेल्मेट निळं की लाल?"

बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प राहा. उत्तर आलं नाही म्हणून तेच वाक्य नव्या शब्दांत सांगितलं, तर मुलाला ते नवंच वाक्य वाटतं आणि उलगडायचं काम पहिल्यापासून सुरू होतं. "व्हॅन? व्हॅन?" असं वीस वेळा विचारलं तर वीसही वेळा कार्डावर बोट ठेवून तेच शब्द, त्याच सुरात. बाबा, आजी, मावशी, कामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांनी. फ्रिजवर ते वाक्य लिहूनच ठेवा.

किती आधी सांगायचं याला एकच उत्तर नाही. छोट्या बदलाला दहा-पंधरा मिनिटं बहुतेकांना पुरतात. काही मुलांना आदल्या संध्याकाळी कळलं तर रात्रभर झोप लागत नाही, काहींना सकाळी कळलं तर उशीर झालेला असतो. दोन्ही करून बघा, वहीत लिहा. चालू असलेलं काम थांबवायचं असेल तर 'पाच मिनिटं' म्हणण्यात अर्थ नाही. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा, किंवा पाच बटणं मांडून एकेक उचला. शेवटचं बटण उचललं की काम थांबलंच पाहिजे. स्वतःचा फोन संपला नाही म्हणून मोठ्यांनीच दोन बटणं परत मांडली, तर त्या बटणांना काही किंमत उरत नाही.

एक बदल शेवटपर्यंत: शाळेचा रस्ता

सोमवारपासून रस्ता खोदणार आहेत, तेव्हापासून दुसऱ्या गल्लीने चालत जायचं आहे. शनिवार-रविवार हाताशी असतील तर असं करता येतं.

वाटेवरच्या ठळक खुणांचे फोटो घ्या: घराचं फाटक, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, शाळेचं फाटक. जुन्या वाटेचे आणि नव्या वाटेचे असे दोन संच करा. पहिलं आणि शेवटचं कार्ड दोन्ही संचांत तेच असेल, आणि मुलाला धीर देणारं शेवटचंच असतं. शनिवारी खाऊन-पिऊन, घाई नसताना निघा. सुरुवातीची वाट जुनीच धरा, फक्त शेवटचं वळण नवं. शाळेचं फाटक दिसलं की तिथे आवडता खाऊ, आणि परत जुन्या वाटेने. तीन फेऱ्या विनातक्रार झाल्या की त्याच्या आधीचं वळण बदला. बदल शेवटाकडून मागे आणत गेलं की प्रत्येक नव्या तुकड्यानंतर लगेच ओळखीचं ठिकाण येतं. घराच्या दारातूनच परकी वाट धरली तर मुलाला पुढचं सगळंच परकं. एखाद्या पायरीवर मूल बसून राहिलं तर एकच पायरी मागे या, पार सुरुवातीला नको. वेळच नसेल आणि सोमवारी थेट जावंच लागलं, तर निदान संच हातात असू द्या आणि पंधरा मिनिटं लवकर निघा.

पुढची गोष्ट लोक विसरतात. दहा-पंधरा दिवसांत नवी वाट हाच नवा नियम होऊन बसतो आणि रस्ता दुरुस्त झाल्यावर जुन्या वाटेने जाताना तोच गोंधळ पुन्हा. म्हणून खोदकाम संपलं की दोन्ही वाटा आलटून पालटून वापरा, सकाळी 'आज ही' असं कार्ड लावून. शुक्रवारी निवड मुलाची.

अचानक येणारं

वीज जाणं, दुकान बंद, पाहुणे दारात. पूर्वसूचना नाही, पण सराव करता येतो. विजेचं उदाहरण घ्या. दिवसा उजेडी, नारिंगी कार्ड आणि 'लाइट गेली' कार्ड दाखवून पंखा-दिवा दहा सेकंद बंद करा, मुलाच्या हातात टॉर्च द्या, मोजत मोजत पुन्हा चालू करा. दिवसातून एकदा. मग तीस सेकंद, एक मिनिट, पाच मिनिटं, मग संध्याकाळी. टॉर्चची जागा एकच, मुलाला पोचेल अशी. खरी वीज जाईल तेव्हा ती कधी येणार हे आपल्यालाही माहीत नसतं, म्हणून सरावात अधूनमधून मोजणं सोडून "थांबायचं. टॉर्च." एवढंच म्हणा आणि वेळ बदलती ठेवा.

बाहेर जाताना पर्समध्ये नारिंगी कार्ड, चार-पाच कोरी कार्डं, एक स्केचपेन, कानावर लावायचे मफ आणि ओळखीचा खाऊ. चित्रकला येण्याची गरज नाही. बागेच्या फाटकावर कुलूप दिसलं की तिथेच झाडाचं चित्र काढून त्यावर काट, शेजारी आइस्क्रीमचा कोन किंवा घर. मुलाच्या डोळ्यांसमोर काढलेलं चित्र छापील कार्डाइतकंच चालतं.

तरीही फुटलंच तर

मेल्टडाउन, म्हणजे मुलाला स्वतःलाही न आवरणारा उद्रेक, सुरू झाल्यावर शिकवणी बंद. कार्डं नाचवू नका, समजावू नका, "लोक बघतायत" म्हणू नका. टोकदार वस्तू आणि प्रेक्षक दूर करा, टीव्ही-मिक्सर बंद करा, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. घट्ट मिठी काहींना शांत करते, काहींना आणखी भडकवते. आपल्या मुलाचं काय ते शांत वेळी माहीत करून घ्या. धरून-दाबून ठेवू नका. नुसतं जवळ बसा. रडणं ओसरलं तरी अंग बराच वेळ ताठ राहतं. पाणी द्या, अर्धा-पाऊण तास काही मागू नका. मग पट्टीवर एकच सोपं कार्ड लावून दिवस पुढे न्या. झाल्या प्रकाराबद्दल भाषण नको. वहीत मात्र लिहा: बदल मोठा होता, भूक होती, की एकावर एक तीन बदल आले होते? बहुतेकदा तिसरं.

शाळा आणि सण

शाळेला भलंमोठं पत्र देऊ नका, नारिंगी कार्डाची जोडी द्या आणि बाईंना चारच ओळींत ते कसं वापरायचं ते सांगा. बदली बाईंचा फोटो आधी मिळाला तर अर्धं काम होतं. सुट्टीसाठी मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर करा: शाळेच्या दिवसांवर दप्तर, सुट्टीच्या दिवसांवर घर, रोज रात्री एक काट.

गणपतीत सगळंच एकदम येतं: हलवलेलं सामान, पाहुणे, झांजा, उदबत्ती. सामान मुलाच्या देखत हलवा, ते झोपलेलं असताना नको. सकाळी उठून वेगळंच घर पाहणं फार अवघड जातं. एक कोपरा दहाही दिवस जसाच्या तसा ठेवा. पाहुण्यांना सांगा की गाल ओढायचे नाहीत. आणि विसर्जनानंतरची रिकामी जागा हासुद्धा बदलच आहे. येण्याची तयारी सगळे करतात, जाण्याची कुणी करत नाही. मखर उतरवतानाही नारिंगी कार्ड लावा.

कधी मदत घ्यायची

मूल स्वतःला जखम करून घेत असेल, खाण्याचे पदार्थ कमी होत हाताच्या बोटांवर येऊन ठेपले असतील, येत असलेले शब्द गेले असतील, किंवा बदल टाळण्यासाठी घराने बाहेर पडणंच थांबवलं असेल, तर घरगुती प्रयोगांवर राहू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांना वहीसकट भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र निदान आणि उपचार केंद्रं असतात. तुमच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा, आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताईही वाट दाखवतील.

पट्टी कधी काढायची

सगळं सुरळीत चाललंय म्हणून पट्टी काढून टाकतात आणि तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. सुरळीत चाललंय ते पट्टीमुळेच. ती काढू नका, लहान करा. आठ कार्डांची चार, मग नेहमीच्या कामांची कार्डं गाळून फक्त त्या दिवशी वेगळं काय आहे तेवढंच. भिंतीवरून दप्तराला अडकवलेल्या रिंगमध्ये. मूल वाचायला लागलं की चित्राखालचे शब्द मोठे आणि चित्र छोटं करत न्या, पुढे छोट्या वहीत पेन्सिलने लिहिलेली यादी. नारिंगी खूण मात्र वहीतही ठेवा, आणि कधीतरी ती मुलालाच लावू द्या. बाबांनी ठरवलेलं वरण-भात खोडून तिथे स्वतःच्या हाताने 'बदल, मॅगी' लिहिलं, तर त्या रात्री मॅगीच करा.